रागाच्या पायऱ्या

"पुन्हा वाच," सर म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. माझ्या टेबलासमोरच्या लोखंडी खुर्चीत सर ताठ बसले होते. डोळे मिटलेले, उजव्या हाताची दोन बोटं गुडघ्यावर, ठेका धरायच्या बेतात. जर्मनचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. पत्र संपलं. बोटं हलली नव्हती.

"हे रागावलेलं नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, सर, सगळा मजकूर आलाय यात, एक ओळ सुटलेली नाही.

"मजकूर आला असेल. पण हे चढत नाही. माझं पत्र जिन्याने वर जातं. तुझं आपलं अंगणात फिरतंय."

मी कागद खाली ठेवला. माझी चोरी पकडली गेली होती, आणि पकडणाऱ्याला चोरलं काय तेही ठाऊक नव्हतं. नुसत्या कानाने पकडलं.

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. जानेवारी महिना होता. मी सत्तावीस वर्षांची, पुण्याला तीन वर्षं जर्मन शिकून सांगलीला परत आलेली. मिरज रस्त्यावरच्या एका पंपांच्या कारखान्यात जर्मन यंत्रं आली होती, त्यांची माहितीपुस्तकं मी मराठी-इंग्रजीत उतरवायची, आणि आमच्या मॅनेजरसाहेबांची इंग्रजी पत्रं जर्मनमध्ये. साहेबांचं इंग्रजी गडगडाटी. सुटा भाग वेळेवर आला नाही की ते कागदावर आग ओकत. मी ती आग विझवून, तिच्यावर दोन आदरार्थी शब्द घालून जर्मनांना पाठवत असे, आणि सुटे भाग पटापट येत. साहेबांना वाटे आपल्या रागाचा धाक आहे. मला त्यात फार शहाणपण वाटायचं. कुणाचं मन न दुखवता काम होतंय, मग बिघडलं कुठे? सरांच्या पत्राला मी तोच हात लावला होता.

सर म्हणजे दिगंबर कुलकर्णी, आमच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजीचे शिक्षक. गावाला मात्र ते दिगंबरबुवा भिलवडीकर. मुरलीधराच्या देवळात त्यांचं कीर्तन असलं की माझे वडील मला चौथ्या वर्षापासून मांडीवर घेऊन बसत. बुवा उभे राहिले, कपाळाला बुक्का लागला, गळ्यात हार पडला, पेटीवाल्याने सूर दिला, की मी खांबांकडे बघत राहायची. देव आत्ता येणार, या खांबामागून येणार, असं वाटायचं. आयुष्यात मी पुष्कळ कीर्तनं ऐकली आणि देवाच्या दयेने अजून ऐकते, पण देव जवळपास असल्याचा तो भास मला भिलवडीकरबुवांनी दिला. मी तेरा वर्षांची असताना त्यांनी कीर्तन बंद केलं. का, ते गावाला माहीत होतं. त्यावर कुणी बोलत नसे.

त्यांचा एक नेम होता. मराठीत कधी रागवायचं नाही. ज्या जिभेने हरिकथा सांगायची त्या जिभेने कुणाला बोल लावायचा नाही, असं त्यांनी तरुणपणीच ठरवलेलं. पण स्वभाव तर भारी तापट. म्हणून सगळा राग इंग्रजीत. वर्गात गृहपाठ विसरलेल्या मुलीवर पाच मिनिटं इंग्रजीतून वीज कोसळायची आणि लगेच मराठीत, "बस हं बाळ." शाळेचा शिपाई ज्ञानू सगळ्यांना कौतुकाने सांगायचा, आज सर माझ्याशी इंग्रजीत बोलले. आणि काकू म्हणायच्या, "बेचाळीस वर्षांत यांनी मला मराठीत एक वाकडा शब्द ऐकवला नाही. इंग्रजी मला येत नाही. म्हणून तर संसार सुखाचा झाला."

रागाचे शब्दही त्यांनी आम्हाला पाठ करून दिले नाहीत, शाळेच्या जिन्यावर उभे करून शिकवले. सहा मुली, सहा पायऱ्या. खालची 'व्हेक्स्ड', मग 'अनॉइड', मग 'अँग्री', 'इंडिग्नंट', 'फ्युरिअस', आणि अगदी वरच्या पायरीवर 'रॉथ'. प्रत्येकीने आपला शब्द आपल्या पायरीच्या आवाजात म्हणायचा. मी खालून दुसरी होते. मला वर जायचं होतं. पण सर म्हणाले, तुझा चेहरा 'अनॉइड'च्या वर जात नाही.

तर त्या दिवशी ते माझ्याकडे आले ते पत्र घेऊन. त्यांचा एकुलता मुलगा पद्माकर सत्तर साली जर्मनीला गेला, तिथेच एका कारखान्यात लागला, रेनाटे नावाच्या मुलीशी लग्न केलं, एक मुलगी झाली. एक्याऐंशी साली, पस्तिशीही उलटली नव्हती, हृदयविकाराने गेला. सरांना तार मिळाली तेव्हा तिकडे सगळं उरकलेलं होतं. अकरा वर्षांत मुलगा एकदाही घरी आला नव्हता.

आणि आता दिवाळीत पद्माकरच्या बरोबर काम करणारे शिधये म्हणून कुणी सुट्टीवर आले होते, ते भेटायला येऊन सहज बोलून गेले की पद्माकर दर एकादशीला आपल्या दिवाणखान्यात पाच-सहा मराठी माणसांपुढे कीर्तन करायचा. एका कीर्तनाची फीतही आहे. रेनाटेकडे आहे.

सर तेव्हापासून झोपले नाहीत, असं काकूंनी मला सांगितलं. त्यांनी रेनाटेला एकापाठोपाठ तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. मग कुणीतरी म्हणालं तिला इंग्रजी येत नसेल. म्हणून चौथं पत्र घेऊन माझ्याकडे. पत्र इंग्रजीतच लिहिलेलं. मी म्हटलं होतं, सर, मला मराठीत सांगा, सरळ मराठीतून करते. तर म्हणाले, "मराठीत मला रागावता येत नाही. आणि मी रागावलेला आहे."

पत्रात काय होतं? 'मॅडम, मी नुसता नाराज नाही. मी नुसता रागावलेलोही नाही. माझ्या मुलाचा आवाज तुम्ही अडवून ठेवलात याचा मला संताप आहे, आणि तो संताप जळतो आहे,' अशा चालीवर दीड पान चढत गेलेलं. मी काय केलं, तर सगळीकडे एकच शब्द टाकला होता, 'दुःखी'. मी दुःखी आहे, फार दुःखी आहे, अत्यंत दुःखी आहे. विधवेला पोर सांभाळत असताना असलं पत्र जावं हे मला बरं वाटेना. आणि खरं सांगायचं तर मला वाटत होतं, गोड पत्र गेलं तर फीत येईल. फीत आली तर सर निवतील, आणि निवले तर कदाचित पुन्हा मुरलीधरापुढे उभे राहतील. माझाही स्वार्थ होताच.

"कोश काढ," सर म्हणाले.

मी जाड जर्मन कोश काढला. मग त्या दुपारी आम्ही दोघांनी जे केलं ते मी कुठल्याही वर्गात शिकले नाही. सर एकेक इंग्रजी शब्द म्हणायचे, मी जर्मन शब्द वाचायची, मग ते म्हणायचे, मोठ्याने म्हण, पुन्हा म्हण. शब्दाचा अर्थ ते आधी विचारायचेच नाहीत. आधी ऐकायचे.

"एर्गर," मी म्हटलं.

"ही खालची पायरी. जोडा चावतो तेव्हाची."

मी म्हटलं, अगदी तसंच आहे सर. रोजची चिडचिड.

"पुढे."

"वूट."

त्यांनी मान हलवली. "यात कुत्रं भुंकतंय."

मी चकित झाले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाच्या नावात हाच शब्द आहे, असं मी त्यांना सांगितलं. सरांना आनंद झाला, पण शब्द नको म्हणाले. मग मी 'त्सोर्न' म्हटला. तो त्यांनी तीनदा म्हणायला लावला. मी सांगितलं, हा जुना शब्द आहे, देवाच्या कोपाला, बापाच्या कोपाला हा वापरतात. याला मान आहे.

"म्हणजे नरसिंहाला कुठला?"

"त्सोर्न."

"आणि हिरण्यकश्यपूला?"

"वूट."

"हं. मग मला त्सोर्न दे," सर म्हणाले, आणि जरा थांबून, "चालेल ना मला?"

मी म्हटलं चालेल.

मग प्रश्न आला तो जोराचा. इंग्रजीत ते 'डीपली', 'अटरली', 'बियाँड ऑल मेझर' असं एकावर एक चढवत गेले होते. जर्मनमध्ये तसं प्रत्येक वेळी चढवलं तर ओझं होतं. तिथे शब्दच दणकट असतो, त्याला टेकू फारसा लागत नाही. हे मी समजावून सांगितलं. सर म्हणाले, बरोबर आहे, ज्याचा आवाज मोठा त्याने हातवारे कमी करावेत. तेव्हा आम्ही दोन टेकू काढले आणि एक ठेवला.

कोशाच्या त्याच पानावर खाली आणखी एक शब्द होता. मी नुसताच वाचला. "ग्रोल."

"हा कुठला?"

मी म्हटलं, हा वेगळा आहे सर. हा ओरडत नाही. मनात धरून ठेवलेला राग, वर्षानुवर्षं. आपण अढी म्हणतो ना, पण त्याहून खोल गेलेली.

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कारखान्याच्या फाटकाशी एक ट्रक मागे घेत होते आणि कुणीतरी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होतं.

"हा माझा नाही," ते म्हणाले. "खोड."

मी लिहिलाच नव्हता, तरी खोडल्यासारखं केलं.

संध्याकाळी पाचच्या भोंग्याला पत्र पुरं झालं. मी उभी राहून वाचलं, त्यांनीच उभं राहायला लावलं. बसून राग येत नाही म्हणाले. तिसऱ्या ओळीला त्यांची बोटं गुडघ्यावर हलली. शेवटच्या ओळीला अख्खा पंजा पडला, समेवर पडतो तसा.

"आता पाठव," सर म्हणाले. दारापर्यंत गेले, चपला घातल्या, आणि पाठमोरेच म्हणाले, "तो मघाचा शब्द. अढीचा. तोही घाल कुठेतरी. शेवटी घाल."

मी घातला.

त्यानंतर सात आठवडे गेले. सर रोज कारखान्याच्या फाटकापर्यंत चालत यायचे, कारण पत्त्याच्या जागी मी कारखान्याचाच पत्ता दिला होता. रखवालदार त्यांना स्टूल द्यायचा. आत यायचे नाहीत. मी दुपारी बाहेर जाऊन मान हलवली की उठून जायचे. मला रात्रंदिवस टोचणी लागलेली, की माझं पहिलं पत्रच बरं होतं. एवढा राग वाचून कुठली बाई उत्तर देईल?

मार्चच्या मध्यावर पुठ्ठ्याची चपटी पेटी आली. त्या दिवशी नेमके सर आले नव्हते, त्यांना ताप होता. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, जर्मनचे धडे ऐकायला घेतलेला माझा टेपरेकॉर्डर पिशवीत घातला आणि त्यांच्या घरी गेले. सर गादीवर बसून काढा पीत होते. पेटी बघून त्यांनी भांडं खाली ठेवलं. काकूंनी ते उचललं आणि तसंच हातात धरून उभ्या राहिल्या.

वर पत्र होतं. सर सवयीने म्हणाले, इंग्रजीत सांग. मी म्हटलं, सर, मला मराठीतच येतंय हे. आणि वाचत गेले.

रेनाटेने लिहिलं होतं: 'तुमची याआधीची तिन्ही पत्रं माझ्याकडे आहेत. मी ती फोडली, इंग्रजी दिसलं, आणि पुन्हा घडी घालून ठेवली. पद्माकर मला सांगायचा की वडिलांचा राग इंग्रजीत येतो, त्यांचं खरं पत्र मराठीत येईल. दर वर्षी तुमचं एक पत्र यायचं. तो उघडायचा, म्हणायचा, इंग्रजी, आणि खिशात ठेवायचा. तो मराठी पत्राची वाट बघत होता. तो गेल्यावर मी बघत राहिले. मला वाचता आलं नसतं. पण अक्षरं ओळखू आली असती.'

मी थांबले. सर म्हणाले, "दर वर्षी इंग्रजीत लिहिलं मी?"

"दर वर्षी," काकू म्हणाल्या. "मी म्हणायचे मराठीत लिहा. तुम्ही म्हणायचात, अजून राग गेला नाही. गेला की लिहीन."

सरांनी मला पुढे वाचायची खूण केली.

'हे पत्र माझ्या भाषेत आलं म्हणून मी वाचलं. आमच्या घरी पद्माकर रागावला की इंग्रजीतच रागवायचा. मला कळायचं नाही. मी विचारायची, काय म्हणालास? मग तो मला जर्मनमध्ये एकेक शब्द सांगत वर चढत जायचा, हा नाही, हाही नाही, त्याच्यावरचा. तिसऱ्या शब्दाला त्याला हसू फुटायचं. तुमचं पत्र मी झुमीला वाचून दाखवलं. अर्ध्यावर ती म्हणाली, हे तर पप्पा बोलतायत. तुम्ही गोड लिहिलं असतं तर मी ओळखलं नसतं. शेवटच्या ओळीत तुम्ही जो शब्द लिहिला आहे, तो राग तुमचा कुणावर आहे ते मी विचारत नाही. मूळ फीत देऊ शकत नाही, झुमी ती लावून झोपते. ही तिची नक्कल.'

"झुमी कोण?" काकूंनी विचारलं.

मी म्हटलं, काकू, तुमचं नाव सुमती ना? नातीचं तेच ठेवलंय. जर्मन माणसं 'सु'ला 'झु' म्हणतात.

काकू आत गेल्या. मला वाटलं रडायला गेल्या. पण त्या देवघरातला पाट घेऊन आल्या, भिंतीशी मांडला, माझा टेपरेकॉर्डर त्यावर ठेवला, आणि बुक्क्याची डबी उघडून त्याच्या कडेला बोट टेकवलं. "खाली नको ठेवायला," म्हणाल्या. "कीर्तन आहे."

मी कळ दाबण्याआधी ती गोष्ट सांगायला हवी. मी तेरा वर्षांची होते आणि पुढून तिसऱ्या ओळीत बसले होते. पद्माकरचं पहिलं कीर्तन. वय तेवीस. पेशवाई थाटाची पगडी जरा मोठी झालेली, सारखी मागे सारत होता. आख्यान प्रल्हादाचं. बुवा पहिल्या रांगेत श्रोत्यांत बसलेले, बाप म्हणून आणि गुरू म्हणूनही. सगळं छान चाललं होतं. गळा बापाचाच, पण मऊ. मग खांब फुटायची वेळ आली. बुवा स्वतः खांब फोडत तेव्हा देवळाच्या कौलांवरची कबुतरं उडत. आम्ही सगळे कानांवर हात न्यायच्या बेतात बसलो होतो. आणि पद्माकरचा आवाज एकदम खाली आला. त्याने खांब फोडलाच नाही. हळू आवाजात, जवळजवळ कानात सांगितल्यासारखं, तो म्हणाला, "आणि देव आला."

बुवा उठून उभे राहिले.

"इज दिस रॉथ?" ते ओरडले. "ही इज अ लायन, नॉट अ लॅम! फ्युरी, पद्माकर, फ्युरी!"

कीर्तन चालू असताना जो उभा असतो तो नारदाच्या गादीवर असतो. तो कुणाचा मुलगा नसतो, कुणाचा शिष्य नसतो. त्याला मध्ये तोडायचं नसतं, त्याच्यापुढे उठायचं नसतं, आणि शेवटी त्याच्या आईबापांनीसुद्धा त्याच्या पाया पडायचं असतं. हे आम्हाला सगळ्यांना बुवांनीच शिकवलं होतं. पेटीवाल्याने सूर तसाच धरून ठेवला. पद्माकरने डोळे मिटले, उघडले, आणि त्याच खालच्या आवाजात आख्यान पुरं केलं. आरती झाली. एकेक जण पुढे होऊन त्याच्या पाया पडला. काकूही पडल्या. बुवा मागच्या दाराने निघून गेले होते.

त्या दिवसापासून त्यांनी गादीवर पाय ठेवला नाही, आणि वर्षाच्या आत पद्माकर जर्मनीला गेला.

मी कळ दाबली.

आधी खरखर. मग टेबलावर कुणीतरी बोटांनी धरलेला ठेका. मग त्याचा गळा. मी तो चौदा वर्षांनी ऐकत होते; खर्जात थोडा उतरला होता. काकूंनी पदर तोंडाला लावला. सरांनी मांडी नीट घालून घेतली आणि उपरणं खांद्यावर सारखं केलं, तापातसुद्धा.

आख्यान प्रल्हादाचं होतं. तेच असणार, हे मला का कोण जाणे पेटी आल्यापासून वाटत होतं. खांबाजवळ आल्यावर आवाज तसाच खाली आला. आणि मध्येच एका लहान मुलीने जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. माणसं हसली.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच सांगितलं, "ती विचारतेय, देव कुणावर रागावलाय?"

फितीतल्या पद्माकरने ठेका थांबवला. मग मराठीत म्हणाला, "सांगतो हं. त्या राक्षसावर नाही रागावला. राक्षस तर त्याच्या नखाएवढा. अगं, लेकरू केव्हापासून हाका मारतंय. विष पाजलं तेव्हा मारत होतं, कड्यावरून लोटलं तेव्हा मारत होतं. आणि मी आत्ता येतोय? एवढा उशीर? स्वतःवर रागावलाय तो. म्हणून ओरडत नाही. ओरडेल कसा? आधी लेकराला मांडीवर घ्यायचंय त्याला."

ठेका पुन्हा सुरू झाला. नंतरचं मला नीटसं आठवत नाही. आरती झाली. खुर्च्या सरकल्या. "बुवा, नमस्कार," असं कुणीतरी थट्टेने पण मनापासून म्हणालं, आणि पावलं वाजली. एकेक जण पाया पडत होता.

तेव्हा सर उठले. काकूंनी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. खुंटीवरची काळी टोपी डोक्यावर ठेवली. भिंत धरत पाटापर्यंत गेले, गुडघे टेकले, आणि पाटाच्या कडेवर कपाळ ठेवलं. बुक्का त्यांच्या कपाळाला लागला.

फितीतली माणसं बोलत बोलत पांगली. दार वाजलं. मुलगी काहीतरी गुणगुणत होती, तीही लांब गेली. फीत बंद करायचं मात्र तिकडे कुणाच्या लक्षात आलं नसावं. रिकाम्या खोलीचा आवाज तेवढा येत राहिला. सर उठले नाहीत. कीर्तनातून मध्ये उठायचं नसतं. फीत संपून कळ आपोआप वर येईपर्यंत आम्ही तिघंही तिथेच होतो.

सरांनी पुन्हा कीर्तन केलं नाही. माझी इच्छा राहिली ती राहिलीच. दर एकादशीला मात्र काकू पाट मांडायच्या, मी जायची, आम्ही तिघं बसायचो. आता दोघंही नाहीत, आणि ती फीत ऐकण्याजोगी उरलेली नाही. मी अजूनही कुठे प्रल्हादाचं आख्यान असलं की जाऊन बसते. चांगले चांगले बुवा आहेत. खांब असा फोडतात की मांडव हलतो. मी त्या जागी दर वेळी जरा पुढे सरकते, आज कुणी आवाज खाली आणतंय का ते ऐकायला.

एक सांगायचं राहिलं. फीत ऐकली त्याच्या दुसऱ्या दिवशी सर फाटकाशी स्टुलावर बसलेले दिसले. कपाळावर बुक्का तसाच. हातात चार पानांचं पत्र होतं, शाईचं, बारीक अक्षरातलं. मी सवयीने कोश काढायला वळले.

"नको," ते म्हणाले. "हे असंच जाऊ दे."

वरची ओळ मला दिसली: चि. रेनाटे हिस अनेक आशीर्वाद. पुढे सगळं मराठी. मी म्हटलं, सर, तिला वाचता येणार नाही.

"अक्षरं ओळखता येतील म्हणालीय ना?" सर म्हणाले.

मी पुढचं वाचलं नाही. घडी घालून पाकिटात ठेवलं, आणि पत्ता तेवढा माझ्या हाताने घातला.